वायरलेस हेडफोन आणि घरचा स्टुडिओ : जोडण्याआधी हे वाचा
(आमच्या सांगली-मिरजेच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

नमस्कार.

दुकानात एक तक्रार वारंवार येते. ‘कॉम्प्युटर स्लो झालाय. म्युझिक कीबोर्डची पट्टी दाबली की आवाज मागून येतो. रॅम वाढवून द्या.’ आम्ही पहिल्यांदा विचारतो, हेडफोन कुठला लावता? दहातल्या बऱ्याच जणांचं उत्तर एकच असतं : ब्लूटूथचा. एक भजनी मंडळाचे वादक तर आमच्याकडे येण्याआधीच दुसरीकडून रॅम दुप्पट करून आणि नवी एसएसडी बसवून आले होते. उशीर जसाच्या तसा होता. आम्ही त्यांच्याच हेडफोनला वायर लावून दिली आणि दोष तिथल्या तिथे गेला. त्यांचे आधी गेलेले पैसे परत येणार नव्हते, याचं आम्हाला अजून वाईट वाटतं. तुमचे तसे जाऊ नयेत म्हणून हे पत्रक.

थोडक्यात सांगायचं तर, वाजवताना आणि गाताना वायर लावा. नुसतं ऐकताना, तुकडे जोडताना, चाल बसवताना वायरलेस चालेल.

उशीर कुठून येतो

ब्लूटूथ हेडफोनकडे आवाज सरळ जात नाही. कॉम्प्युटर तो आधी दाबून लहान करतो, त्याची छोटी पाकिटं बांधतो आणि रेडिओवरून पाठवतो. हेडफोन ती पाकिटं गोळा करतो, थोडा साठा हाताशी ठेवतो, मग उलगडून वाजवतो. हा साठाच सगळ्यात जास्त वेळ खातो. पण तो नसेल तर एखादं पाकीट वाटेत हरवलं की गाणं लगेच तुटेल. कोडेक म्हणजे आवाज दाबण्याची आणि उलगडण्याची पद्धत. साध्या एसबीसी कोडेकवर हा सगळा प्रवास साधारण १५० ते २५० मिलिसेकंदांचा होतो.

आकड्यावरून अंदाज येत नसेल तर असं बघा. हवेतून आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे २०० मिलिसेकंदांत ६८ मीटर. मिरवणुकीत हलगी पुढे गेली आणि लेझीमची शेवटची रांग शंभरेक पावलं मागे राहिली की मागच्यांचा ठेका का सरकतो, हे तुम्ही पाहिलंच असेल. ब्लूटूथ लावून वाजवणारा माणूस स्वतःच्याच हातापासून तितका लांब उभा असतो.

तबलजींना आणखी लवकर पटेल. मिनिटाला १२० मात्रांची लय धरा. एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची. एका मात्रेत ‘तिरकिट’ बसवलं तर प्रत्येक अक्षराला १२५ मिलिसेकंद मिळतात. आता तबल्याचे आधीच रेकॉर्ड केलेले बोल (सॅम्पल) वाजवणाऱ्या पॅडवर ‘ति’ वाजवा. ‘र’ही वाजवून होतो आणि मग कानात ‘ति’ येतो. अशा अवस्थेत लय सांभाळणं मोठ्या वादकालाही जमणार नाही, त्यामुळे आपला रियाझ कमी पडला असं कुणी मनाला लावून घेऊ नका. साधारण १० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर बहुतेकांना जाणवत नाही. २०-३०च्या पुढे हात अडखळू लागतो.

‘मग यूट्यूबवर ओठ आणि आवाज बरोबर कसे जुळतात?’ हा प्रश्न हमखास येतो. व्हिडिओत पुढे काय येणार हे कॉम्प्युटरला आधीच माहीत असतं, म्हणून तो चित्रही साधारण तेवढंच मागे धरून ठेवू शकतो. तुमचं बोट पुढच्या क्षणी कुठल्या पट्टीवर पडणार, हे मात्र कुठल्याच सॉफ्टवेअरला आधी कळत नाही.

बफर कमी करून काय होतं

फार काही नाही. बफर म्हणजे सॉफ्टवेअर एका वेळी हाताळतं तो आवाजाचा छोटा गठ्ठा. ४८,००० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने (सॅम्पल) घेताना, २५६ सॅम्पलचा बफर म्हणजे ५.३ मिलिसेकंद. तो १२८ केलात तर २.७ वाचले. दोनशेमधून पावणेतीन! उलट बफर फार खाली नेला की आवाज तडतडतो आणि माणूस पुन्हा रॅमकडे वळतो. सॉफ्टवेअरमधली प्लगइनच्या (वरून जोडलेल्या इफेक्टच्या) उशिराची भरपाई इथे कामाला येत नाही, कारण हेडफोनच्या आत किती वेळ गेला हे विंडोजवर सॉफ्टवेअरपर्यंत बहुतेक वेळा पोचतच नाही.

हेडफोन यादीत दिसत नाही

सॉफ्टवेअरमध्ये ऑडिओ इंटरफेसचा (माईक आणि वाद्य कॉम्प्युटरला जोडणाऱ्या पेटीचा) एएसआयओ ड्रायव्हर निवडला की ब्लूटूथ हेडफोन यादीत दिसत नाही. हा बिघाड नव्हे. एएसआयओ ही स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ साली आणलेली पद्धत. ती सॉफ्टवेअरला थेट त्या एका यंत्राशी बोलू देते, विंडोजचा मधला मिक्सर वगळून. हेडफोन त्या मधल्या वाटेवर बसलेला असतो. ऐकण्यापुरता वायरलेस हवा असेल तर रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये विंडोजची स्वतःची वाट निवडा : रीपरमध्ये वासापी किंवा डायरेक्टसाउंड, एबलटनमध्ये एमएमई/डायरेक्टएक्स. एफएल स्टुडिओत ‘एफएल स्टुडिओ एएसआयओ’ निवडून त्याच्या सेटिंगमध्ये हेडफोन ठरवता येतो. रेकॉर्डिंगला बसताना परत इंटरफेसच्या ड्रायव्हरवर या. हे विसरायला होतं, म्हणून मॉनिटरला चिठ्ठी चिकटवा.

तंबोरा पत्र्यासारखा वाजू लागला तर

या तक्रारीवर आम्हाला जरा जास्त बोलायचंय, कारण आपण मिरजेच्या शेजारी राहतो. इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ज्या जवारीसाठी (तारेच्या गुंजणाऱ्या झंकारासाठी) कारागीर घोडीवर, म्हणजे तारांखालच्या पट्टीवर, तासन्‌तास हात चालवतो, ती कॉम्प्युटरच्या एका चुकीच्या निवडीने पार पुसली जाऊ नये असं आम्हाला मनापासून वाटतं.

होतं असं. ब्लूटूथ हेडफोनच्या दोन चाली आहेत. एक फक्त ऐकण्याची : स्टीरिओ, चांगल्या प्रतीची. दुसरी फोनवर बोलण्याची : तिच्यात माईकही चालू असतो, पण आवाज मोनो आणि सॅम्पलिंग ८,००० किंवा १६,००० हर्ट्झ. सॅम्पलिंग जितकं, त्याच्या निम्म्यापर्यंतचेच स्वर टिकतात. म्हणजे ४,००० किंवा ८,००० हर्ट्झच्या वरचं सगळं गेलं. जवारीची चमक, टाळांची किणकिण, गायकाचे ‘स’ आणि ‘श’ यांचा बराचसा जीव त्या वरच्या भागात असतो. सॉफ्टवेअरने इनपुट म्हणून हेडफोनचा माईक उघडला रे उघडला की हेडफोन दुसऱ्या चालीवर जातो. मग तंबोरा ट्रंककॉलवरून ऐकल्यासारखा लागतो आणि लोकांना वाटतं हेडफोन गेला.

उपाय सोपा आहे. सॉफ्टवेअरमध्ये आणि विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये इनपुट म्हणून इंटरफेसचा माईक ठेवा किंवा काहीच ठेवू नका. यादीत एकाच हेडफोनची दोन नावं दिसत असतील तर ‘स्टीरिओ’ लिहिलेलं घ्या, ‘हँड्स-फ्री’ लिहिलेलं नको. मॅकवरही हेच : आउटपुट हेडफोन, इनपुट दुसरं. व्हिडिओ कॉलची अ‍ॅप मागे चालू असतील तर बंद करा, तीही गुपचूप माईक धरून बसतात.

रेकॉर्डिंग होऊन गेलंय, आता काय

घाबरू नका, बऱ्याचदा वाचवता येतं. ब्लूटूथवर क्लिक (लयीचा ठोका) किंवा ट्रॅक ऐकत तुम्ही माईकसमोर गायलात, तर तुमची लय बिघडलेली नसते. अख्खा ट्रॅकच एका ठरावीक अंतराने उशिरा बसलेला असतो. ते अंतर असं काढा. त्याच सेटिंगवर हेडफोनची एक बाजू माईकला टेकवा आणि नुसता क्लिक रेकॉर्ड करा. स्क्रीनवर ग्रिडची (मात्रेची) रेघ आणि रेकॉर्ड झालेला ठोका यांत जेवढं अंतर दिसेल, तेवढा तुमचा ट्रॅक डावीकडे सरकवा. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी ‘लेटन्सी कॉम्पेन्सेशन’चा (उशिराच्या भरपाईचा) रकाना आहे. तिथे मुळात उणे १३० मिलिसेकंद असतात. तुमच्या मापाने बदला. मात्र हेडफोन बंद करून पुन्हा जोडला की हा उशीर थोडा बदलू शकतो, म्हणून शक्य असेल तर त्याच बैठकीत माप घ्या.

पॅडवर किंवा मिडी कीबोर्डवर (ज्याचा आवाज कॉम्प्युटर काढतो) स्वतःचा उशिरा येणारा आवाज ऐकत वाजवलं असेल, तर हा उपाय लागू पडेलच असं नाही. तिथे हात गोंधळलेला असतो. वायर लावून पुन्हा वाजवा.

आवाज तुटतोय

आधी कॉम्प्युटरच्या कॅबिनेटची मागची बाजू बघा. मदरबोर्डला वायफाय-ब्लूटूथ असेल तर सोबत स्क्रूने बसवायच्या अँटेना येतात, आणि त्या कित्येक घरांत खोक्यातच राहतात. बसवा. छोटा यूएसबी डोंगल (ब्लूटूथसाठी पोर्टमध्ये खोचायचा तुकडा) वापरत असाल तर तो मागच्या निळ्या पोर्टमधून काढा : यूएसबी ३ची चालू उपकरणं आणि केबल २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट करतात आणि ब्लूटूथही त्याच पट्ट्यात चालतं. वर लोखंडी पत्र्याचा आडोसा. एक मीटरभर एक्स्टेन्शन वायर घेऊन डोंगल टेबलावर समोर आणा, एवढ्याने बहुतेक वेळा तुटणं थांबतं.

नवीन घेताना

तुमच्या वायरलेस हेडफोनला ३.५ मिलिमीटरची खोबण असेल तर निम्मं काम झालं. वायर आणि इंटरफेसच्या मोठ्या खोबणीत बसणारी ६.३५ची पिन घ्या, उशिराचा प्रश्न बहुधा संपला. कानात घालायच्या बड्सना ही सोय नसते, म्हणून गाणं बनवणाऱ्याने एकच वस्तू घ्यायची असेल तर बड्स घेऊ नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. आम्ही बड्स विकतो, तरीही.

वायर नकोच असेल तर स्वतःचा यूएसबी डोंगल घेऊन येणारे २.४ गिगाहर्ट्झचे गेमिंग हेडफोन बघा. त्यांचा उशीर साधारण २० ते ४० मिलिसेकंद. चाल सुचली आणि पटकन बोटं फिरवायची आहेत, एवढ्याला पुरतात. ‘अ‍ॅप्टएक्स लो लेटन्सी’ ही कमी उशिराची कोडेक पद्धतही ४०च्या आसपास आहे, पण ती पाठवणाऱ्याकडे आणि हेडफोनकडे दोन्हीकडे लागते. एकीकडेच असेल तर उपयोग शून्य. ‘ब्लूटूथ ५’ लिहिलंय म्हणून उशीर कमी, असं मात्र समजू नका.

शेवटचं मिक्सिंग वायरलेसवर करू नका. सीडीचा आवाज सेकंदाला १,४११ किलोबिटचा. एसबीसीत तो ३२८पर्यंत दाबला जातो. त्याहून मोठी अडचण म्हणजे अशा हेडफोनमधला वाढवलेला बास आणि नॉइज कॅन्सलिंग. तुम्हाला ढोलकीचा बाया भरदार वाटतो, म्हणून तुम्ही तो कमी करता, आणि मंडळाच्या स्पीकरवर तो ऐकूच येत नाही. ऐकायचंच असेल तर नॉइज कॅन्सलिंग आणि अ‍ॅपमधला इक्वलायझर बंद ठेवा.

शंका असेल तर हेडफोन घेऊन दुकानात या. उशीर समोरच मोजून दाखवू, त्याचे पैसे नाहीत. कॅबिनेट आणायची गरज नाही. मागच्या बाजूचा फोटो आणि हेडफोनचा खोका पुरे, कोडेकची नावं बहुतेक वेळा त्यावरच छापलेली असतात.