ग्रामीण विदर्भातील ख्रिस्ती धर्म

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून विदर्भाच्या खेड्यांत आणि तालुक्याच्या गावांत रुजलेली ख्रिस्ती परंपरा. हा समाज संख्येने लहान आहे, पण त्याची मुळे जगभर पसरलेली आहेत. यवतमाळकडचे कुटुंब फ्री मेथडिस्ट, वाशीमचे नाझरीन, अकोल्याचे अलायन्स (हे तिन्ही प्रॉटेस्टंट पंथ) आणि चंद्रपूरकडचे सिरो-मलबार (केरळमधल्या परंपरेचे) कॅथलिक का, याचे उत्तर श्रद्धेइतकेच कोणत्या देशाचे मिशन कोणत्या तालुक्यात उतरले यात आहे. एकमेकांच्या हद्दीत शिरायचे नाही, असा प्रॉटेस्टंट मिशनांचा आपसांत समझोता असे. त्यामुळे बहुतेकांचा पंथ गावावरूनच ठरला.

१८४३ मध्ये स्कॉटलंडचे चर्च फुटले. पाळक (चर्चचा धर्मगुरू) जमीनदाराने नेमायचा की मंडळीने, म्हणजे चर्चच्या सभासदांनी, हा वाद होता. चारशेहून अधिक पाळक बाहेर पडले आणि फ्री चर्च स्थापन झाले. याच फ्री चर्चचे स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरास आले. तेव्हा तेथे भोसल्यांचे राज्य होते. त्यांनी शाळा काढली आणि पुढे त्यांच्या नावाने कॉलेज निघाले. पण त्यांचे मोठेपण शाळेबाहेरच्या भटकंतीत अधिक दिसते. खडक आणि जीवाश्म गोळा करणाऱ्या या माणसाने परधान या गोंडांच्या पारंपरिक गायकांपैकी एकाकडून गोंडांचा पुराणपुरुष लिंगो याची गीतकथा टिपून घेतली. गोंडांच्या तोंडी परंपरेकडे इतक्या आदराने पाहणारे लोक त्या काळी विरळाच. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट येथील प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना ते पुराच्या पाण्यात बुडाले.

दुसरी लाट अमेरिकेतून आली आणि ती कापसाच्या वाटेने आली. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, इंग्लंडमधल्या लँकेशरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली. ज्या गुलामगिरीवरून ते युद्ध झाले, तिला विरोध करत आणि चर्चमधली बाके श्रीमंतांना भाड्याने देण्याची चाल झुगारत १८६० मध्ये अमेरिकेत फ्री मेथडिस्ट मंडळी जन्मली होती. तिचे मिशनरी पुढे यवतमाळ भागात स्थिरावले. अलायन्स मिशनने अकोला-अमरावतीकडे काम उभे केले, तर मेळघाटात कोरकू आदिवासींसाठी वेगळे मिशन निघाले.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी या कामाचे रूपच पालटले. मिशनांनी अनाथालये काढली, आणि अनेक जुनी ख्रिस्ती घराणी आपला मूळपुरुष किंवा मूळमाता तिथे वाढल्याचे सांगतात. ‘भाकरीसाठी बाटले’ हा टोमणा या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या ऐकला आहे. तो अन्यायाचा आहे. पोट पाठीला लागलेल्या लेकराला भाकर देणाऱ्याच्या घरी ते वाढले, यात लाजण्यासारखे काही नाही. शिवाय त्यांतल्या कित्येक मुली शिकल्या, नर्स झाल्या, मास्तरणी झाल्या. खेड्यातल्या बाईसाठी ही वाट तेव्हा जवळपास बंदच होती. मिशनरींची नावे अहवालांत राहिली. पण गावोगाव पायी हिंडणारे देशी सुवार्तिक (ख्रिस्ताचा संदेश सांगणारे प्रचारक) आणि घरोघर जाऊन बायकांना अक्षर शिकवणाऱ्या बायबल बाया यांच्या जोरावरच मंडळ्या टिकल्या. त्यांची नोंद फार कमी झाली, ही या इतिहासाची मोठी उणीव आहे.

दवाखान्यांचा लाभ मात्र धर्मापलीकडे सर्वांना झाला. परतवाड्याजवळ कोठारा येथे कुष्ठरुग्णांवर उपचार होत. वाशीमचे रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल १९३८ पासूनचे, डॉ. ऑर्फा स्पायकर यांनी ते उभे केले.

उपासनेचा साज पूर्ण मराठी आहे. चपला दाराबाहेर, बायकांच्या डोक्यावर पदर, पेटी, ढोलकी, झांजा आणि नारायण वामन टिळकांची भजने. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेण्यापूर्वी टिळकही नागपूर-राजनांदगाव भागात राहिले होते. हंगामाचा सण तर पाहण्यासारखा असतो. वेदीपुढे कापसाची बोंडे, तुरीच्या शेंगा, ज्वारीची कणसे, भोपळे, कधी पाय बांधलेला कोंबडा. उपासनेनंतर या वस्तूंचा लिलाव होतो. बोली जिंकणारा तोच भोपळा पुन्हा दान करतो आणि बोली नव्याने सुरू होते. पैसा मंडळीला जातो.

विसाव्या शतकात प्रवाह उलटा वाहू लागला. १९१० मध्ये जगातले सुमारे दोन-तृतीयांश ख्रिस्ती युरोपात राहत; २०१० पर्यंत हे प्रमाण सुमारे एक-चतुर्थांशावर आले. या बदलाच्या खुणा विदर्भातही आहेत. १९५३ मध्ये यवतमाळला युनियन बिब्लिकल सेमिनरी ही पाळक घडवणारी संस्था सुरू झाली आणि निरनिराळ्या पंथांचे विद्यार्थी त्या कापूसबाजाराच्या गावी शिकू लागले. १९८३ मध्ये ती पुण्याला हलली. १९६२ मध्ये चांद्याचे (आताच्या चंद्रपूरचे) क्षेत्र केरळच्या सिरो-मलबार चर्चकडे सोपवले गेले. पाद्री आता मल्याळम बोलणारे होते. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. युरोप-अमेरिकेत पडलेल्या फुटी इथे काही अंशी सांधल्या गेल्या. फ्री मेथडिस्ट, नाझरीन आणि अलायन्स मात्र वेगळेच राहिले.

विदर्भ मध्य प्रदेशात असताना, १९५४ मध्ये नेमलेल्या नियोगी समितीने मिशनांच्या कामाची चौकशी केली. धर्मांतर हेच मुख्य उद्दिष्ट असलेल्या परदेशी मिशनरींना परत पाठवावे, अशी तिची १९५६ ची शिफारस होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डॉ. आंबेडकरांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आणि दलित वस्त्यांतील धर्मांतराचा मुख्य ओघ तिकडे वळला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलितांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. बौद्धांना त्या १९९० पासून मिळतात. कोरकू आणि गोंड ख्रिस्ती मात्र अनुसूचित जमातीतच मोजले जातात.