मध्यस्थ वगळला, आता नोंद कोण ठेवणार?

सर्व्हर दुरुस्तीला काढायचा असतो, पण त्यावर चाललेली व्हर्च्युअल मशीन्स, म्हणजे सॉफ्टवेअरने उभे केलेले संगणक, बंद ठेवून चालत नाही. यावर गेली वीसेक वर्षं रुळलेला उपाय म्हणजे लाइव्ह मायग्रेशन. मशीन चालू असतानाच ते एका सर्व्हरवरून उचलायचं आणि दुसऱ्यावर नेऊन ठेवायचं. २००५ मध्ये झेन या हायपरव्हायझरवर (एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन्स चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) काम करणाऱ्या केंब्रिज आणि कोपनहेगनच्या संशोधकांनी याचा शोधनिबंध लिहिला. त्यासाठी त्यांनी क्वेक ३ या गेमचा सर्व्हर खेळ चालू असताना हलवून पाहिला होता. तो थांबला जेमतेम ६० मिलिसेकंद. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो.

कोणी वहीत लिहीत बसलेलं असताना त्याच वहीची नक्कल करायची, तसाच हा प्रकार. आधी सगळी पानं उतरवायची. तेवढ्या वेळात ज्यांवर नवं काही लिहिलं गेलं, ती पुन्हा उतरवायची. असं करत शेवटी मोजकीच पानं उरली की लिहिणाऱ्याला क्षणभर थांबवायचं. मेमरीचीही अशी पानं असतात, साधारण ४ किलोबाइटची. कोणतं पान बदललं हे हायपरव्हायझरला कळतं, कारण त्याने प्रत्येक पानावर लिहायला मनाई करून ठेवलेली असते. मशीन लिहायला गेलं की प्रोसेसर अडतो, हायपरव्हायझर त्या पानापुढे खूण करतो, मनाई उठवतो आणि काम पुढे चालू राहतं. मशीनला याची गंधवार्ताही नसते.

उपकरणांचंही तसंच. व्हर्च्युअल मशीनला दिसणारं नेटवर्क कार्ड हे बहुतेक वेळा सॉफ्टवेअरने घेतलेलं सोंग असतं. ते सोंग हायपरव्हायझरच्याच बाजूने वठवलेलं असल्यामुळे त्याच्या पोटात काय चाललंय हे बाहेर काढणं सोपं. ती माहिती पलीकडे पाठवायची आणि तिथे नवं सोंग उभं करायचं.

पण सोंग महाग पडतं. प्रत्येक पॅकेट, म्हणजे नेटवर्कवरून येणारं-जाणारं डेटाचं पुडकं, हायपरव्हायझर या मध्यस्थाच्या हातून जायला लागलं की वेग मार खातो. म्हणून मध्यस्थाला बाजूला सारून खरं कार्डच मशीनच्या हवाली करतात. याला पासथ्रू म्हणतात. एकाच कार्डाचे अनेक भाग करून ते वेगवेगळ्या मशीन्सना वाटून देता येतात, ते एसआर-आयओव्ही या कार्डातल्याच सोयीमुळे. कार्डाने भलत्याच मशीनच्या मेमरीत हात घालू नये म्हणून आयओएमएमयू नावाचा चिपमधला पहारेकरी असतो. ग्राफिक्स कार्डं बहुधा अशीच दिली जातात.

आणि इथेच मायग्रेशनचं गणित फिसकटतं. एक पॅकेट आलं असं समजा. कार्ड ते थेट मशीनच्या मेमरीत, एखाद्या पानावर लिहून टाकतं. प्रोसेसरला विचारत नाही, त्यामुळे प्रोसेसर अडत नाही, आणि हायपरव्हायझरच्या यादीत त्या पानापुढे खूण पडत नाही. ते पान दोन सेकंदांपूर्वीच पलीकडे पाठवलेलं असेल, तर तिथे जुनाच मजकूर राहतो. मशीन नव्या सर्व्हरवर जागं होतं आणि आलेलं पॅकेट त्याला सापडत नाही. डिस्कवरून वाचलेल्या डेटाबाबत हेच घडलं, तर बिघाड कित्येक दिवसांनी आणि भलत्याच ठिकाणी डोकं वर काढेल.

मग सगळीच पानं बदलली असं धरून चालायचं का? तसं करता येतं, पण ६४ जीबी मेमरी १० गिगाबिटच्या जोडणीवरून पाठवायला ५० सेकंदांहून जास्त लागतात, आणि तेवढा वेळ मशीन थांबून. त्याला लाइव्ह कसलं म्हणायचं? उलटा मार्गही आहे: मशीन आधी पलीकडे चालू करायचं आणि पानं लागतील तशी मागवायची. प्रोसेसरला पान सापडलं नाही तर तो वाट पाहू शकतो. कार्डांना सहसा ही सवलत नसते. त्यांना पान जागच्या जागी हवंच, म्हणून पासथ्रूमध्ये मशीनची सगळी मेमरी खिळवून ठेवावी लागते.

बरीच वर्षं एक पळवाट वापरात होती, अजूनही आहे. मशीनला खऱ्या कार्डाच्या जोडीला एक सोंगी कार्डही द्यायचं. हलवायच्या आधी खरं काढून घ्यायचं, वाहतूक सोंगावर वळवायची, पलीकडे पोचल्यावर नवं कार्ड जोडायचं. नेटवर्कपुरतं हे जमतं, पण त्यासाठी आतल्या ऑपरेटिंग सिस्टिमचं सहकार्य लागतं. ग्राफिक्स कार्डाला तर जोडीदारच नाही.

माझ्या मते खरा तोडगा एकच: मध्यस्थ काढला, तर नोंद ठेवण्याचं काम हार्डवेअरनेच अंगावर घ्यायचं. गेल्या काही वर्षांत तेच होतंय. २०२२ मध्ये आलेल्या लिनक्स ५.१८ पासून, व्हीएफआयओ या पासथ्रू सांभाळणाऱ्या यंत्रणेतून, कार्डाच्या ड्रायव्हरला (ते कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला) ‘थांब’, ‘तुझी अवस्था दे’, ‘ही अवस्था घे’ असं सांगायची नीट पद्धत आहे. ती अवस्था म्हणजे एक बंद गाठोडं. आत काय आहे हे फक्त ते कार्ड बनवणाऱ्याला कळतं, त्यामुळे पलीकडेही ते सोडवू शकणारं जुळतं कार्ड लागतं. एकाच मशीनला दोन कार्डं असली आणि ती परस्परांशी बोलत असली, तर एकदम थांबवून भागत नाही. म्हणून मध्ये एक अर्धी पायरी ठेवली आहे: स्वतःहून काही पाठवायचं नाही, पण येईल ते घ्यायचं. सगळी कार्डं या पायरीवर आली की मगच पूर्ण थांबा. बदललेल्या पानांची यादीही आता काही कार्डं स्वतः ठेवतात. लिनक्स ६.७ पासून ते काम आयओएमएमयूकडेही सोपवता येतं, अर्थात चिपमध्ये ती सोय असेल तर.

नेटवर्क कार्डाचं गाठोडं त्या मानाने लहान. एआयसाठी वापरल्या जाणाऱ्या जीपीयूची, म्हणजे ग्राफिक्स कार्डाची, गोष्ट वेगळी. त्याच्या स्वतःच्याच पोटात ८० जीबी मेमरी असू शकते, आणि गणित चालू असताना ती सतत बदलत असते. गूगल क्लाउड साधी मशीन्स देखभालीच्या वेळी सर्रास चालू असतानाच हलवतं. पण जीपीयू जोडलेल्या मशीनला आधी सूचना देतं आणि मग सरळ थांबवतं. त्यामुळे मोठी मॉडेल्स शिकवणारे लोक मायग्रेशनच्या भरवशावर राहत नाहीत. ते ठरावीक काळाने सगळी प्रगती डिस्कवर साठवतात आणि मशीन गेलं तर तिथून पुढे सुरू करतात.