चिकण माती, कडक थंडी आणि तुमचे नवे रोप

“थंडीने मेले हो,” असे सांगत ग्राहक येतात. ते रोप उपटून पाहिले, की मुळे बहुधा काळी, लिबलिबीत निघतात. चिमटीत धरून ओढले तर साल मोज्यासारखी सुटून येते. ही थंडी नव्हे, साचलेले पाणी आहे. चिकणमातीचा कण ०.००२ मिलिमीटरपेक्षा बारीक. त्यामुळे पाणी हलत नाही, मुळांना हवा मिळत नाही. गारठा नंतर येतो आणि आळ त्याच्यावर जातो.

म्हणून रोप लावण्याआधी फूटभर खोल खड्डा पाण्याने भरा. जिरले की पुन्हा भरा. या वेळी तासाभरात इंचभरही पाणी उतरले नाही, तर तिथे उंच गादीवाफाच करा.

माती ओली असताना खणू नका, वाफसा (खणण्याजोगी बेताची ओल) येऊ द्या. ओल्या चिकणमातीत फावड्याने खड्ड्याची भिंत घोटल्यासारखी चकचकीत होते आणि मुळे कुंडीतल्यासारखी आतच गोल फिरत राहतात. ती भिंत खुरप्याने ओरबाडा. खड्डा हुंडीच्या, म्हणजे मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्याच्या, दुप्पट-तिप्पट रुंद हवा, पण हुंडीपेक्षा खोल नको. हुंडीचा माथा जमिनीच्या दोन इंच वर राहू द्या. खड्ड्यात नुसते शेणखत भरायचा मोह आवरा, आजूबाजूचे पाणी तिथेच उतरते आणि खड्ड्याचा हौद होतो. निघालेलीच माती परत घाला, कुजलेले खत वरून पसरा. थोडी वाळू मिसळण्याचा सल्ला आम्ही कधीच देत नाही. माती विटेसारखी घट्ट होते.

झुडपांत आमची पहिली पसंती लायलॅक आणि पॅनिकल (शंकूसारख्या तुऱ्यांचा) हायड्रेंजिया. दोन्ही उणे ३० अंशांतही तग धरतात. लायलॅकला मात्र पाय ओले चालत नाहीत, त्याला उंचवट्यावरच लावा आणि फुले सरताच छाटा. उशीर केलात तर पुढच्या वर्षीच्या कळ्या कापल्या जातील. गोल गुच्छांच्या हायड्रेंजियाच्या कळ्या मागच्या वर्षीच्या फांदीवर धरतात, गोठणीत त्या जळतात आणि नुसती पानेच येतात. पॅनिकल नव्या फुटीवर फुलते, म्हणून भरवशाची. झाडांत क्रॅबॲपल (बारीक फळांचे सफरचंद) घ्या. वेलांत क्लेमॅटिस; कॅम्पसिस चिकणमातीत जोमाने वाढतो, पण त्याचे फुटवे लांबवर निघतात, घराच्या भिंतीपासून दूर ठेवा.

उन्हाळा उतरू लागला की नत्रखत बंद. कोवळी फूट थंडीत टिकत नाही. पहिल्या हिवाळ्यात ओली माती गोठून फुगते आणि लहान रोप वर उचलले जाते. जमीन गोठून कडक झाली की दोन-तीन इंच पालापाचोळा पसरा. बुंध्याला मात्र टेकू देऊ नका, उंदीर साल कुरतडतात.

वसंतात रोप वाळलेले दिसले तरी लगेच उपटू नका. फांदी नखाने खरवडा. खाली हिरवे असेल तर थांबा. क्लेमॅटिस तर वरून पार वाळूनही पुष्कळदा जमिनीतून नव्याने फुटतो.