पॉइंट वेलकम (अमेरिकन कोस्ट गार्डची गस्ती बोट)

पॉइंट वेलकम ही अमेरिकन कोस्ट गार्डच्या पॉइंट-क्लासमधली (एकाच नमुन्यावर बांधलेल्या बोटींच्या मालिकेतली) ८२ फुटी गस्ती बोट. १९६२ ला सेवेत आली, तीनेक वर्षं वॉशिंग्टन राज्यातल्या एव्हरेट बंदरात होती, तिथून थेट व्हिएतनामच्या युद्धात गेली आणि १९७० ला दक्षिण व्हिएतनामच्या नौदलाला देऊन टाकली. म्हणजे अमेरिकन झेंड्याखाली तिची सेवा सगळी मिळून आठ वर्षांची. तिचं नाव बहुतेक वेळा निघतं ते ११ ऑगस्ट १९६६ च्या पहाटेमुळे, त्या दिवशी अमेरिकेच्याच विमानांनी तिच्यावर हल्ला केला होता. ती घटना मोठी आहेच, पण तिच्या आधी आणि नंतर या बोटीने जे रोजचं दमवणारं काम केलं तेही तेवढंच सांगण्यासारखं आहे.

बोट कशी होती

कोस्ट गार्डमध्ये ६५ फूट किंवा त्याहून लांब जहाजाला कटर म्हणतात, त्यामुळे एवढीशी बोट असूनही ही कटरच. दुसऱ्या महायुद्धातल्या लाकडी ८३ फुटी बोटी जुन्या झाल्या होत्या, त्यांच्या जागी हा क्लास आणला आणि १९६० ते १९७० मध्ये अशा ७९ बोटी बांधल्या, बऱ्याचशा मेरीलँडमधल्या कर्टिस बेच्या कोस्ट गार्डच्या स्वतःच्या यार्डात, पॉइंट वेलकमही तिथलीच. हल (बोटीचं मुख्य अंग) पोलादी, वरचं बांधकाम ॲल्युमिनियमचं, वजन साठेक टन, दोन डिझेल इंजिनं. पाण्याखाली सहा फुटांपेक्षा थोडी कमीच जायची, आणि हीच गोष्ट पुढे तिला व्हिएतनामला घेऊन गेली. इंजिनं ब्रिजवरूनच (बोट चालवायच्या वरच्या खोलीतूनच) कंट्रोल करता यायची, इंजिन रूममध्ये कायम माणूस बसवायची गरज नाही, म्हणून शांततेच्या काळात ८ माणसांच्या क्रूवर काम भागायचं. आत एअर कंडिशनिंग होतं, किचन होतं, झोपायला बंक होते, म्हणजे काही दिवस सलग समुद्रात राहता येईल अशी सोय.

सुरुवातीला या बोटींना नावंच नव्हती, नुसते नंबर. हिचा नंबर ८२३२९. जानेवारी १९६४ मध्ये सगळ्यांना 'पॉइंट' ने सुरू होणारी नावं दिली तेव्हा ती पॉइंट वेलकम झाली.

एव्हरेटमधली वर्षं साधी गेली. बुडणाऱ्या किंवा बंद पडलेल्या बोटींना मदत, टो करून आणणं, कायद्याची अंमलबजावणी. हाच तिचा मूळ धंदा, याच्यासाठीच तिला बांधलं होतं.

व्हिएतनामला का पाठवली

१६ फेब्रुवारी १९६५ ला अमेरिकन आर्मीच्या एका हेलिकॉप्टर पायलटला दक्षिण व्हिएतनाममधल्या वुंग रो खाडीत झाडाफांद्यांनी झाकलेलं एक जहाज दिसलं, ते उत्तर व्हिएतनामकडून हत्यारं घेऊन आलेलं ट्रॉलर (मासेमारी जहाजासारखं जहाज) निघालं. समुद्रमार्गे हत्यारं येतायत असा संशय आधीपासून होता, आता पुरावाच हातात आला. त्यातून मार्केट टाइम नावाचं ऑपरेशन सुरू झालं: दूरवर गस्ती विमानं, त्याच्या आत मोठ्या युद्धनौका, आणि अगदी किनाऱ्यालगत छोट्या बोटी. पण अमेरिकन नेव्हीकडे उथळ पाण्यात फिरतील अशा बोटी पुरेशा नव्हत्याच, त्या काळात त्यांचं सगळं लक्ष खोल समुद्रातल्या मोठ्या जहाजांवर होतं, म्हणून त्यांनी कोस्ट गार्डकडे मदत मागितली. कोस्ट गार्ड तेव्हा ट्रेझरी खात्याखाली होतं, म्हणजे अर्थखात्याच्या बोटी युद्धावर निघाल्या असं म्हटलं तरी चालेल.

स्क्वाड्रन वन नावाचं पथक २७ मे १९६५ ला कॅलिफोर्नियात अलामेडाला उभं राहिलं. पहिल्या तुकडीत १७ बोटी, त्या मालवाहू जहाजांच्या डेकवर चढवून फिलिपिन्समधल्या सुबिक बेला नेल्या आणि तिथून पुढे स्वतःच्या इंजिनावर गेल्या. नऊ बोटी दक्षिणेला फू क्वॉक बेटावरच्या आन थोईला, आठ उत्तरेला दा नांगला. पॉइंट वेलकम या आठांतली, जुलै १९६५ मध्ये दा नांगला पोचली. नंतर आणखी ९ बोटी आल्या आणि त्यांचा तळ वुंग ताऊजवळ कात लोला झाला.

युद्धासाठी बोटीत बदल केले. पुढच्या डेकवर ८१ मिमी मॉर्टर (उखळी तोफ) आणि त्याच्याच पाठीवर बसवलेली .५० कॅलिबरची मशीनगन, एकाच माउंटवर दोन्ही. मागच्या बाजूला आणखी चार मशीनगन. क्रू ८ वरून ११ वर गेला, त्यात दोन अधिकारी. या बोटी पांढऱ्या रंगातच तिकडे पोचल्या होत्या, बुडणाऱ्याला लांबून दिसावी म्हणून पांढरा रंग चांगलाच, पण रात्री लपून गस्त घालायची तर तोच घातक, त्यामुळे नंतर सगळ्या राखाडी रंगवल्या.

रोजची ड्यूटी

काम कागदावर सोपं दिसतं. किनाऱ्यालगतचा एक पट्टा वाटून दिलेला असायचा, त्यात दिवसरात्र फिरायचं, रडारवर किंवा डोळ्याला जी जंक किंवा सांपान (तिकडच्या लाकडी होड्या) दिसेल ती थांबवायची, कागद तपासायचे, माणसांची ओळखपत्रं बघायची, माल उपसून बघायचा, आणि सोडून द्यायचं. सोबत व्हिएतनामी नौदलाचा एक माणूस असायचा कारण अमेरिकन क्रूला भाषा येत नव्हती आणि कोणाचे कागद खरे कोणाचे खोटे हेही त्यालाच कळायचं. शंभरातल्या जवळपास सगळ्या होड्या साध्या मच्छीमारांच्याच, पण कुठली नाही हे वरून ओळखायचं काही साधन नव्हतं, म्हणून प्रत्येक होडी थांबवावी लागायची. व्हिएतनाममधल्या कोस्ट गार्डच्या सगळ्या जहाजांनी मिळून अशी सव्वादोन लाखांहून जास्त बोर्डिंग (होडीवर चढून तपासणी) केली. याशिवाय किनाऱ्यावरच्या सैनिकांना मॉर्टरने मदत करणं आणि जखमींना आणणं ही कामं वेगळीच.

दा नांगच्या बोटींना हवामानाचाही त्रास होता. ऑक्टोबरपासून ईशान्य मान्सून लागला की तिकडचा समुद्र खवळतो, आणि ८२ फुटी बोट अशा लाटांत कितीही चांगली बांधलेली असली तरी सारखी आडवीतिडवी हलतच राहते, त्यात होडी चिकटवून तपासणी करायची म्हणजे हातपाय मोडून घ्यायचंच काम.

११ ऑगस्ट १९६६

त्या रात्री पॉइंट वेलकम १७व्या अक्षांशाच्या थोडं दक्षिणेला, दोन्ही व्हिएतनाममधल्या डिमिलिटराइझ्ड झोनच्या (सैन्य ठेवायचं नाही अशा पट्ट्याच्या) लगत गस्तीवर होती. पहाटे साडेतीनच्या पुढे अमेरिकन एअर फोर्सने तिला शत्रूचं जहाज समजून आधी फ्लेअरच्या उजेडात पकडलं आणि मग एक बी-५७ बॉम्बर आणि दोन एफ-४ फँटम यांनी तिच्यावर आलटून पालटून मारा केला. कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट ज्युनिअर ग्रेड डेव्हिड ब्रॉस्ट्रॉम ब्रिजवर मारले गेले, इंजिनमन जेरी फिलिप्सही गेले. दुसरा अधिकारी जखमी. अशा वेळी चीफ बोट्सवेन्स मेट रिचर्ड पॅटरसन यांनी कमांड घेतली, मागच्या डेकवरची आग विझवली, जखमींना खाली नेलं, आणि विमान डाइव्ह मारायला लागलं की बोट वळवायची असं करत करत जमेल तेवढा मारा चुकवला. हे सगळं जवळपास तासभर चाललं. शेवटी क्रूने पाण्यात उड्या टाकल्या तर किनाऱ्यावरूनही गोळीबार सुरू झाला. पॉइंट कॉशन या तिच्याच क्लासच्या बोटीने येऊन लोकांना उचललं. बोटीवर असलेले ब्रिटिश फोटोपत्रकार टिम पेज आणि व्हिएतनामी अधिकारी हेही जखमी झाले. पॅटरसन यांना शौर्यासाठी ब्रॉन्झ स्टार मिळालं, आणि ते पूर्णपणे त्यांच्या हक्काचं होतं.

चूक कोणा एका पायलटची म्हणून सोडून देता येत नाही. एअर फोर्स आणि समुद्रावरच्या गस्तीत ताळमेळच नव्हता, कुठल्या पट्ट्यात आपली बोट आहे हे विमानवाल्यांना धड माहीत नाही आणि रात्री खालच्या बोटीने आपली ओळख वरच्याला पटवायची कशी याची दोघांना मान्य अशी पद्धत नाही. चौकशीत समन्वयाचा मुद्दा आलाच. तरीही जून १९६८ मध्ये त्याच भागात पीसीएफ-१९ ही स्विफ्ट बोट (नेव्हीची छोटी वेगवान गस्ती बोट) बुडाली, मदतीला गेलेल्या पॉइंट ड्यूम या पॉइंट-क्लास बोटीवरही हल्ला झाला आणि ऑस्ट्रेलियाच्या होबार्ट या विनाशिकेवर अमेरिकन विमानाची क्षेपणास्त्रं आदळून तिथले दोन जण गेले. दोन वर्षं मधे होती, आणि या माणसांचे जीव वाचायला हवे होते असं ठामपणे म्हणावंसं वाटतं.

नंतरची सेवा आणि हस्तांतरण

पॉइंट वेलकम दुरुस्त होऊन पुन्हा गस्तीवर गेली. १९६८ चा फेब्रुवारी संपून मार्च लागताना उत्तरेकडून चार ट्रॉलर एकाच वेळी हत्यारं उतरवायला आले, त्यातल्या एकाला अँड्रोस्कॉगिन हा मोठा कटर, पॉइंट ग्रे, पॉइंट वेलकम आणि स्विफ्ट बोटींनी मिळून अडवलं, ते किनाऱ्याला लागलं आणि क्रूने ते स्वतःच उडवून दिलं. चारपैकी तीन नष्ट झाले, एक परत फिरलं. ज्या कामासाठी या बोटी इतक्या लांब आणल्या होत्या ते काम त्या रात्री चोख झालं.

१९६९ पासून अमेरिकेने बोटी व्हिएतनामी नौदलाला द्यायला सुरुवात केली. पद्धत अशी की व्हिएतनामी खलाशी एकेक करून बोटीवर यायचे, चालू गस्तीतच काम शिकायचे आणि तयार झाले की त्या जागेवरचा अमेरिकन खाली उतरायचा, त्यामुळे बोट धक्क्यावर बांधून ठेवावी लागत नव्हती. पहिल्या दोन, पॉइंट गार्नेट आणि पॉइंट लीग, १६ मे १९६९ ला दिल्या. पॉइंट वेलकमचा नंबर २९ एप्रिल १९७० ला लागला. ऑगस्ट १९७० पर्यंत स्क्वाड्रनच्या सगळ्या २६ बोटी देऊन झाल्या होत्या, आणि अमेरिकेत राहिलेल्या तिच्या बहिणी मात्र पुढे अनेक वर्षं मूळच्याच कामावर, म्हणजे शोध, बचाव आणि टोइंगवर राहिल्या, १९९८ पासून ८७ फुटी मरीन प्रोटेक्टर-क्लास बोटी येऊ लागल्या तोपर्यंत.