मज्जारज्जूच्या इजेनंतरचे बाह्यरुग्ण पुनर्वसन (इंदूर)

मज्जारज्जूला इजा झालेल्या व्यक्तीने घरी राहून, ठरल्या दिवशी ओपीडीत जाऊन घ्यायचे उपचार. व्यायाम, व्हीलचेअरचा सराव, लघवी-शौचाची घडी बसवणे आणि त्वचेची तपासणी हे त्याचे मुख्य भाग. घरोघरी याला ‘शेक आणि मालीश’ समजतात, ते अपुरे आहे. मूत्रपिंडे सांभाळणे पाय हलवण्याइतकेच निकडीचे असते.

माळवा-निमाडातले बरेच अपघातग्रस्त इंदुरात महाराजा यशवंतराव रुग्णालयात (बोलीत ‘एम. वाय.’) किंवा खासगीत येतात. शस्त्रक्रिया होते, पंचाईत सुट्टी मिळाल्यावर सुरू होते. आयुष्मान भारत योजना (२०१८) कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत भरतीचा खर्च उचलते, सुट्टीनंतरचे १५ दिवस धरते. ओपीडी तिच्यात नाही. सुधारणा मात्र प्रामुख्याने पहिल्या ६ ते १२ महिन्यांत होते. त्या काळातल्या फेऱ्या घरच्यांच्याच खिशातून होतात.

फी एकवेळ जमते, नेणे-आणणे जमत नाही. राजवाडा-रामबागेकडच्या जुन्या घरांत जिने अरुंद. दोन फुटांच्या ओट्याला १:१२ उताराने २४ फूट लांब रॅम्प लागतो. गल्लीत तेवढी जागा कुठली? मग एकाने काखेत, दुसऱ्याने गुडघ्यांखाली हात घालून रिक्षात चढवायचे. सीटवर ओढताना कुल्ल्याची कातडी घासते, तिथे संवेदना नसल्याने रुग्णाला कळतही नाही. दोन दिवसांनी कपड्यावर डाग दिसतो. जखम भरेपर्यंत बसणे बंद, म्हणजे ओपीडीही बंद. ‘रुग्ण स्वतःच येईनासा झाला’ या शेऱ्यामागे पुष्कळदा एवढेच असते.

दिव्यांगजन अधिकार अधिनियम, २०१६ नुसार प्रमाणपत्र व यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र) मिळते. दिव्यांगांना साधने देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून पात्र व्यक्तीला व्हीलचेअर मिळू शकते. ती मापाची हवी, गादीसह हवी.

फेऱ्या कमी पडणारच, म्हणून सुट्टीआधीच घरच्या माणसाला शिकवणे हा सर्वांत खात्रीचा उपाय. स्वच्छ कॅथेटरने (लघवीच्या नळीने) साधारण दर ४ ते ६ तासांनी लघवी काढणे, अंथरुणात दर २ तासांनी कूस बदलणे, रोज आरशाने पाठ-कुल्ले पाहणे. इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा वर असेल तर आणखी एक धोक्याची खूण ओळखायला शिकवावी: अचानक ठणकणारे डोके, घाम आणि चढलेला रक्तदाब. बहुधा नळी मुडपलेली किंवा मूत्राशय तुंबलेले असते. रुग्णाला उठवून बसवावे, कपडे सैल करावेत, नळी पाहावी. उतार न पडल्यास लगेच तातडीच्या विभागात न्यावे, ओपीडीच्या तारखेवर थांबू नये.