चुण्या रेशमाच्या, करणी लोकरीची

डोक्यावरचा एक लांब केस घ्या. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून बोटं केसाच्या लांबीच्या दिशेनं मागेपुढे चोळा. केस हळूहळू एकाच बाजूला सरकू लागेल, मूळ पुढे आणि टोक मागे. उलटा धरलात तरी पुढे जाणार ते मूळच. केसावर कौलांसारखे बारीक खवले असतात आणि ते सगळे टोकाकडे झुकलेले असतात. त्यामुळे मुळाच्या दिशेनं सरकणं सोपं जातं, उलट जायला ते आडवे येतात.

मेंढीच्या लोकरीवरही असेच खवले असतात. साबणाच्या गरम पाण्यात तंतू फुगून लवचीक होतात. मग दाबलं, चोळलं की प्रत्येक तंतू आपापल्या मुळाच्या दिशेनं घुसत जातो, शेजाऱ्याला वेढे घालतो आणि मागे फिरू शकत नाही. झाला नमदा, म्हणजे तंतू एकमेकांत गुंतून तयार झालेलं लोकरीचं कापड! यात सूत नाही, माग नाही. (आपली घोंगडी वेगळी, ती सूत कातून मागावर विणतात.) मशीनमध्ये गरम पाण्यात टाकलेला माझा आवडता स्वेटर आटून भाचीच्या मापाचा झाला, तोही याच नियमानं.

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियात पॉली स्टर्लिंग आणि साचिको कोटाका यांनी या गुणाला रेशमाची जोड दिली. त्या तंत्राला ‘नुनो’ म्हणतात, जपानीत नुनो म्हणजे कापड. विरळ विणीचं शिफॉन पसरायचं, त्यावर मेरिनो लोकरीचे हलके पुंजके हव्या त्या नक्षीत मांडायचे, साबणपाणी शिंपडायचं आणि वळकटी करून लाटत राहायचं. सुरुवातीला हात हलकाच हवा. घाई केली तर लोकर आपापसातच गुंतते आणि रेशमावरून सालीसारखी सुटून येते.

थोड्या वेळानं कापडाची पालथी बाजू निरखली, तर तिथे बारीक लव आलेली दिसते. रेशमाच्या विणीतल्या छिद्रांतून लोकर आरपार गेलेली असते. आता ती आटू लागते. रेशमाचा धागा मात्र गुळगुळीत, त्याला खवलेच नाहीत, म्हणून तो आटत नाही. लोकर आत ओढते, रेशमाला जायला जागा उरत नाही आणि ते चुण्या होऊन वर उठतं. स्कार्फवर प्रकाश खेळवणाऱ्या त्या लाटांचं कौतुक रेशमाच्या वाट्याला येतं. माझ्या मते हा लोकरीवर अन्यायच आहे.

‘मशीनमध्ये धुता येते’ अशी लोकर इथे कुचकामी. तिचे खवले क्लोरीननं बोथट करून वर पॉलिमरचा लेप दिलेला असतो.

नमदा उसवता येत नाही, त्यामुळे आधी नमुन्याचा तुकडा करतात. २० सेंटीमीटरचा तुकडा आटून १४ वर आला, तर १८० सेंटीमीटरच्या स्कार्फसाठी मांडणी साधारण २५७ सेंटीमीटरची करावी लागते. तेवढं लांब टेबल कुणाकडे असतं? बहुतेकदा जमिनीवरच बसावं लागतं.