शिक्का मारलेली अफवा

जुलै १९८३ मध्ये दिल्लीच्या 'पेट्रियट' दैनिकात एक निनावी पत्र छापून आलं. लिहिणारा स्वतःला अमेरिकी शास्त्रज्ञ म्हणवत होता. एड्सचा विषाणू अमेरिकेच्या फोर्ट डेट्रिक या लष्करी तळावर तयार झाला, असा त्याचा दावा. पत्रामागे खरं तर सोव्हिएत गुप्तचर संस्था केजीबी होती. दोन वर्षांनी मॉस्कोच्या एका साप्ताहिकानं 'पेट्रियट'चा हवाला देत तीच कहाणी पुन्हा छापली आणि मग ती देशोदेशी फिरली. १९९२ मध्ये रशियाचे गुप्तचर प्रमुख येवगेनी प्रिमाकोव्ह यांनी यात केजीबीचा हात असल्याची कबुली दिली.

आता मार्च २०२० पाहा. वुहानमध्ये करोना अमेरिकी सैन्यानं आणला असावा, असं ट्विट चीनच्या परराष्ट्र मंत्रालयाचे प्रवक्ते झाओ लिजियान यांनी केलं, तेही स्वतःच्या नावानं. चिनी वकिलातींच्या अकाउंट्सनी ते पुढे पसरवलं. पुढच्या महिन्यांत फोर्ट डेट्रिकचं नावही परत आलं. १९८३ मध्ये याच जातीच्या आरोपाला बुरखा लागत होता, आता त्यावर सरकारी शिक्का आहे. फरक आहे तो इथं.

यजमान सरकारला वळसा घालून थेट तिथल्या लोकांशी बोलायची हौस मात्र जुनी. १७९३ मध्ये फ्रान्सचा दूत एदमों-शार्ल जने अमेरिकेत उतरला आणि राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांना डावलून जनतेलाच चिथवू लागला. वॉशिंग्टन यांनी त्याला परत बोलवायला लावलं. (मायदेशी गिलोटिनची भीती, म्हणून गडी अमेरिकेतच राहिला.) शीतयुद्धात वकिलाती मासिकं काढत, दिल्लीत सोव्हिएत वकिलातीचं 'सोव्हिएत लँड' होतं, अमेरिकेचं 'स्पॅन'. तो प्रचारच होता, पण त्यावर नाव छापलेलं असे आणि वाचणाऱ्याला ते कुणाचं आहे हे ठाऊक असे.

राजनैतिक संबंधांचा व्हिएन्ना करार १९६१चा. त्याचं ४१वं कलम दूतांना यजमान देशाच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करायला मनाई करतं आणि अधिकृत कामकाज परराष्ट्र मंत्रालयामार्फत करायला सांगतं. वकिलात रोज लाखो लोकांशी परस्पर बोलेल, ही कल्पना तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हती.

सुरुवात तशी निरुपद्रवी वाटावी अशी झाली. डिसेंबर २००८ मध्ये गाझातलं युद्ध चालू असताना न्यूयॉर्कच्या इस्रायली वाणिज्य दूतावासानं ट्विटरवर प्रश्नोत्तरं घेतली. बीजिंगची अमेरिकी वकिलात हवेच्या प्रदूषणाचे आकडे टाकू लागली. आकडे खरे, तरीही चीन सरकारला झोंबले. प्रचार आणि माहिती यांच्यातली रेघ प्रत्येक सरकार आपापल्या सोयीनं ओढतं. २०१६ मध्ये ओबामांनी ३५ रशियन अधिकाऱ्यांना हाकललं, तेव्हा लंडनच्या रशियन वकिलातीनं बदकाच्या पिल्लाचं चित्र टाकून खिल्ली उडवली (पायउतार होणाऱ्या नेत्याला इंग्रजीत 'लेम डक', म्हणजे लंगडं बदक म्हणतात). राजदूतांची भाषा टवाळखोर झाली ती अशी.

चीननं याला संख्येची जोड दिली. स्वतःच्या देशात २००९ पासून बंद असलेल्या ट्विटरवर त्याचे राजदूत हजर झाले. असोसिएटेड प्रेस आणि ऑक्सफर्ड इंटरनेट इन्स्टिट्यूट यांनी २०२१ मध्ये केलेल्या तपासात, ट्विटरनं पुढे बंद केलेल्या २६,८७९ अकाउंट्सनी चिनी राजनैतिक अधिकाऱ्यांच्या आणि सरकारी माध्यमांच्या पोस्ट जवळपास दोन लाख वेळा रिट्विट केल्याचं आढळलं. म्हणजे बोलणारा खरा, टाळ्या वाजवणारे भाडोत्री.

मार्च २०२२ मध्ये युरोपीय संघानं आरटी आणि स्पुटनिक या रशियन सरकारी माध्यमांवर बंदी घातली, वकिलातींची अकाउंट्स मात्र चालू राहिली. त्याच महिन्यात युक्रेनमधल्या मारियुपोलच्या प्रसूतिगृहावर बॉम्ब पडला आणि जखमी गरोदर स्त्री मेकअप केलेली नटी आहे, असं लंडनच्या रशियन वकिलातीनं लिहिलं. ट्विटरनं ती पोस्ट काढली, एप्रिलमध्ये रशियन सरकारी अकाउंट्सचा प्रसारही आवळला. वर्षभरानं, मालक बदलल्यावर, तो लगाम सुटला आणि सरकारी माध्यमांवरची लेबलंही गेली.